लाल दोऱ्याची कोंबडी

आमच्या ताईला खोलीत कोंडायची अक्कल माझीच. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको.

ताई बावीस वर्षं लाँड्रीत इस्त्री करत होती. खिडकीजवळचं टेबल तिचं. तिनं इस्त्री केलेला शर्ट घालायला गिऱ्हाईक कचरायचं, चुरगळेल म्हणून. एक दिवस ओल्या फरशीवर पाय घसरला नि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. भाचा मवाळ, त्याची बायको त्याहून मवाळ. ताई लंगडी घालत परसात जाऊन कोंबड्यांना दाणे टाकायची नि ही दोघं नुसती बघायची. मी धाकटी, पण तोंडाचा पट्टा माझाच मोठा. मागच्या खोलीत खाट टाकायला लावली, दाराला बाहेरून कडी घालायला लावली.

"हाक मारलीस की उघडतील," मी म्हटलं.

"आणि माझं टेबल?"

"त्याला चार पाय आहेत, पण ते चालत कुठं जात नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्या खोलीची खिडकी उघडली की समोर शेजाऱ्याची भिंत. ताईनं आठ दिवसांत तिच्या विटा मोजून टाकल्या. दहा वाजले की म्हणायची, "आता धुतलेली रास टेबलावर आली असेल." लाँड्रीतून मात्र कुणी आलं नाही. पहिल्या आठवड्यात फोन आले, मग तेही थांबले.

नवव्या दिवशी परसात कुत्रं शिरलं. अकरा कोंबड्या उधळल्या, दहा परतल्या. अकरावी लाकडांच्या ढिगामागे सापडली. पाय मोडलेला, पाठीची पिसं उपटलेली. सुनेनं तिला उचलून बाकीच्यांत ठेवलं, तर घरच्याच कोंबड्या रक्तावर चोची मारत धावल्या. बिचारी सून रडत रडत तिला ताईकडे घेऊन आली.

ताई खाटेवर ताठ बसली. भाजीचा क्रेट मागवला, खाली जुने कागद घातले. मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुतली, आइस्क्रीमची काडी लावून पाय बांधला. भांडं पायानं उलटू नये म्हणून पाण्याची वाटी क्रेटला तारेनं अडकवली. तिला गडबड नको म्हणून चारी बाजूंनी पुठ्ठे लावले. रोज दोनदा कागद बदलायची. संध्याकाळी बाहेरच्या दहाजणी खुराड्यात शिरताना कलकलाट करायच्या, तेव्हा ही पुठ्ठ्याआडून मान ताणून ओरडायची. ताई तिला म्हणायची, "ओरड बाई, तू तरी ओरड."

पंचविसाव्या दिवशी कोंबडी चालायला लागली. ताईनं तिच्या बऱ्या झालेल्या पायात लाल दोरा बांधला. लाँड्रीत नाजूक कपड्याला लाल दोरा बांधतात. तो दिसला की प्रत्येक हात जपून चालतो. "घरात सगळ्यांना कळेल, हिला सांभाळायचंय," ती म्हणाली. मीही मान डोलावली. दोघी शहाण्या!

परसात सोडली मात्र, दहाच्या दहा त्या लाल दोऱ्यावर तुटून पडल्या. करायला गेलो एक नि झालं भलतंच. दोरा कापला, तरी मारायच्या थांबेनात. भाच्यानं तिला कशीबशी सोडवून आणली.

ताई खाटेवर बसून ढसाढसा रडली. "विसरल्या गं तिला. पुठ्ठे मी लावले. ना तिला त्या दिसल्या, ना त्यांना ती."

दुसऱ्या दिवशी तिनं पुठ्ठे काढायला लावले नि क्रेट परसात, कोंबड्यांच्या मधोमध ठेवायला लावला. स्वतःची खुर्चीही तिथंच. माझी नाही म्हणायची हिंमत झाली नाही. दाणे क्रेटच्या आत आणि बाहेर, अगदी लगत टाकायची. आत ही टिपायची, बाहेर त्या टिपायच्या. सातव्या दिवशी क्रेट उघडला. एकीनं टोच मारून बघितली, पण हिनं मान खाली घालून दाणे टिपणं सोडलं नाही. संध्याकाळी अकराही खुराड्यात गेल्या.

प्लास्टर निघालं तशी ताई काठी घेऊन लाँड्रीत गेली. मी सोबत होते. तिच्या टेबलावर मालकाची मेहुणी शर्ट इस्त्री करत होती. मालक म्हणाला, "या या, बसा ताई, चहा घ्या," नि गिऱ्हाइकाचं स्टूल पुढं केलं. जुन्या बायकांनी पाय कसा आहे विचारलं नि आपापल्या कामाला लागल्या. टेबलाचं कुणी नावच काढलं नाही. वाटेत ताई एवढंच म्हणाली, "कॉलरची इस्त्री बरी काढते ती." घरी आल्यावर मागच्या खोलीत गेली नि दार स्वतःच ओढून घेतलं.

सकाळी बघते तर डबा भरून ही निघालेली.

"अगं, बोलावलंय कुणी?"

"कुणी नाही."

"मग काय करणार तिथं?"

"स्टुलावर बसणार. दिसत राहिलं पाहिजे."

ती गेल्यावर मागच्या खोलीच्या दाराची कडी मी स्क्रू काढून उपटली.

आज पाचवा दिवस. काल मेहुणीनं तिच्या मांडीवर चार रुमाल टाकले, म्हणाली, बसलाच आहात तर घड्या घाला. हे सांगताना ताई पाय चोळत होती.

"कोंबडीला सात दिवस लागले," ती म्हणाली. "मला थोडे जास्त लागतील."