सप्तरंगीचा काढा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता पुसट झाली आहेत; जयगडजवळच्या त्या काढ्याचं मात्र सगळं आठवतं.

मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना रुग्णालयातून खबर आली. मधुमेहाची एक बाई बेशुद्धावस्थेत आणली होती, दाखल करताच गेली. रक्तातली साखर धोकादायक पातळीखाली उतरली होती. आकस्मिक मृत्यूची नोंद करून आम्ही घर गाठलं. सून म्हणाली, "काल संकष्टीचा उपास होता. मास्तरांचा काढा घेतलान, मग काय एक खाल्लंन नाय."

मास्तर म्हणजे गावातले निवृत्त विज्ञान शिक्षक. रानातून सप्तरंगीच्या वेलीची मुळं आणून ते अर्क काढत, मधुमेही लोकांना फुकट देत आणि दर गुरुवारी त्यांची साखर तपासून वहीत लिहीत. पंचनामा करून आम्ही बाटल्या ताब्यात घेतल्या, नमुने प्रयोगशाळेत पाठवले.

चौकशीत मास्तर शांत होते. परवाना नसल्याचं त्यांनी लगेच कबूल केलं. वहीतले उतरत गेलेले आकडे ते मला बोटानं दाखवत होते. खरं सांगतो, माझीही साखर वाढलेली होती आणि एक बाटली मागावी असं मनात येऊन गेलं होतं.

अहवाल आला. अर्कात साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचं औषध मिसळलेलं होतं. मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि नमुना पुन्हा तपासा म्हणून लेखी अर्ज दिला. गुन्हेगार सहसा दुसरी तपासणी मागत नाही. मी बुचकळ्यात पडलो.

दोन दिवसांनी बाजारातला औषध दुकानदार आपणहून ठाण्यात आला. मास्तरांची बायको डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठीवर त्याच गोळ्या नेत असे. मास्तरांनाच मधुमेह असेल, असं तो समजत होता.

बाईंना बोलावलं. महिला हवालदार होती, मास्तरही समोर बसले होते. बाईंनी काहीच नाकारलं नाही.

"दोन वर्षं कुणाचीच साखर उतरत नव्हती," त्या म्हणाल्या. "हे जेवेनासे झाले. माझ्या बहिणीच्या उरलेल्या गोळ्या घरात होत्या. एकदा कुटून घातल्या. त्या गुरुवारी हे हसत घरी आले."

मास्तर बायकोकडे वळले. मग विचारलं, "पहिल्या वहीपासून?"

"नाही. पहिली, त्या दोन वर्षांची वही खरी आहे."

गुन्हा दोघांवरही दाखल झाला. मी आयुष्यभर गुन्ह्यामागे लोभ किंवा वैर शोधत आलो होतो. इथे दोन्ही नव्हतं, तरी एक बाई जिवानिशी गेली होती. माया कुणाला काय करायला लावील, हे तपासात विचारायचं मी तिथून शिकलो.

जामिनावर सुटताच मास्तर माझ्याकडे आले. म्हणाले, काढा कुणी अजून घेत असेल, मला सोबत शिपाई द्या. वहीतल्या नावांप्रमाणे ते घरोघर गेले. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "उरलेला काढा ओतून टाका. माझ्या मुळीनं तुमची साखर कधीच उतरली नव्हती."