आईने घासलेलं नाणं

नाण्यांच्या प्रदर्शनात लेकीचं पहिलंच टेबल होतं. तिथे कुणी फिरकलंच नाही तर, या धास्तीने आईने आदल्या दिवशी तिच्या नकळत एक जुनं तांब्याचं नाणं लिंबाने घासून लख्ख केलं. शेजारच्या टेबलावरच्या मुरलेल्या विक्रेत्याने ते पाहून कपाळाला हात लावला.

"अहो ताई, नाण्याला अंघोळ घातलीत? त्या काळपट रंगालाच तर गिऱ्हाईक असतं!"

आईचं तोंड एवढंसं झालं. लेकीला मात्र हसू फुटलं. तिने ते नाणं सगळ्यांत पुढे मांडून चिठ्ठी लावली, 'आईने घासलेलं. तुम्ही घासू नका.' येणारे-जाणारे थांबून वाचू लागले, हसू लागले, मग बाकीची नाणी बघून विकतही घेऊ लागले. दुपारपर्यंत आईच प्रत्येकाला बजावत होती, "कडेला धरा हं, मधे बोट लावायचं नाही!"