बोटं बधिर झाली तेव्हा

काका आमच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. मूळचे यवतमाळकडचे, तरुणपणी नोकरीसाठी दिल्लीत आलेले. अख्ख्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे मी पीएचडीला लागले त्याच आठवड्यात त्यांनी मला घरची मुलगी मानलं. दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या घरून आईनं दिलेल्या डब्यात भाकरी असली, की अर्धी त्यांची.

प्रथिनं वेगळी करायला आम्हाला जेल लागायचं आणि जेल बनवायला अ‍ॅक्रिलामाइड. बारीक साखरेसारखी पांढरी भुकटी. जेल एकदा गोठलं की फारशी भीती नसते. पण भुकटी कातडीतून आत जाते आणि नसा, म्हणजे मज्जातंतू, निकामी करते. बरणीवर कवटीचं चित्र होतं. काकांनी ती वर्षानुवर्षं उघड्या हातांनी तोलली होती. हातमोज्यात चमच्याची पकड येत नाही, असं ते म्हणायचे. तराजूभोवती सांडलेले कण तळहातानंच पुसून घ्यायचे. मी बघत होते. मोठ्या माणसाला काय शिकवायचं, म्हणून गप्प राहिले.

आणि माझा विषयच नेमका तो होता. माणसाच्या मज्जातंतूंच्या जातीच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांना अ‍ॅक्रिलामाइड द्यायचं आणि काय होतं ते नोंदवायचं. निरोगी पेशीला लांब, बारीक तंतू फुटतात, शेजारच्या पेशीपर्यंत जाऊन पोचतात. विष दिलं की ते आखडू लागायचे. मग पेशी गोल व्हायच्या, तळ सोडून तरंगायला लागायच्या. मी फोटो काढायचे, तंतूंची लांबी मोजायचे. ते विष मला काकाच विरघळवून द्यायचे.

त्या हिवाळ्यात ते एकदा म्हणाले, "बोटं बधिर झाल्यासारखी वाटून राहिली." मी दिल्लीत वाढलेली, हिंदीत शिकलेली. हिंदीत बधिर म्हणजे बहिरा, एवढंच मला ठाऊक. बोटं सांगितलेलं ऐकत नाहीत, अशी काका गंमत करतायत असं वाटून मी हसले. तेही हसले, आणि विषय तिथंच राहिला.

मग बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरचं त्यांचं अक्षर बिघडलं. तळहातांची सालं निघू लागली. थंडीनं होतं म्हणून त्यांनी खोबरेल लावलं. जिना उतरताना ते कठडा धरू लागले, प्रत्येक पायरी डोळ्यांनी बघून पाऊल टाकू लागले. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. मी विचारल्यावर त्यांनी खाली पाहिलं. चप्पल कॉरिडॉरच्या मधोमध पडली होती. ती कधी निघाली, त्यांना कळलंच नव्हतं.

समोर स्क्रीनवर माझा सकाळचा फोटो उघडा होता, आखडलेल्या तंतूंचा. मी काकांना खुर्चीवर बसवलं आणि भुकटीचं सगळं सांगितलं. ते शुगर असेल म्हणाले, वय झालं म्हणाले. फोटोकडे मात्र बघेनात.

दुसऱ्या दिवशी काकू आणि मी त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेलो. शुगर ठीक निघाली. नसांमधून करंट सोडून तपासलं, तर पायांच्या नसा नीट जागच देत नव्हत्या. मी डॉक्टरांना भुकटीचं नाव लिहून दिलं. याला वेगळं औषध नाही, भुकटीपासून लांब राहायचं आणि वाट बघायची, असं त्यांनी सांगितलं. परतताना मेट्रोत काकांना बसायला जागा मिळाली, काकू माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. उतरायच्या आधी हळूच म्हणाल्या, "तुला माहीत होतं ना गं?"

मी हो म्हणाले.

काकांची बदली स्टोअरमध्ये झाली. आमच्याकडे हातमोज्यांचा नियम लागला, भुकटी बंद होऊन तयार द्रावण येऊ लागलं. एप्रिलमध्ये एक दिवस ते वर आले आणि दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "विष धुऊन काढलं, तर त्या पेशी परत जुळतात का?"

तो प्रयोग मी नुकताच केला होता. कमी मात्रेच्या बशीत तंतू पुन्हा फुटले होते. जास्त मात्रेच्या बशीत काहीच नव्हतं. काकांच्या अंगात किती मात्रा गेली, ते कुणी मोजलं नव्हतं. मी पहिली बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली. दुसरी इन्क्युबेटरमधून काढलीच नाही. ते खूप वेळ वाकून बघत राहिले.

"फुटतात की," ते म्हणाले. "बिल्कुल फुटतात."

वर्षभरात बोटं बरीच सुधारली, शर्टाची बटणं ते स्वतः लावू लागले. पाय सुधारले नाहीत, पाऊल अजून बघूनच टाकावं लागतं. आता ते निवृत्त होऊन गावी असतात. दिवे गेले की जागचे हलत नाहीत, हाक मारतात, असं काकू फोनवर सांगतात.