वकिलाचा दहीभात

मी काई भगत माणूस नाई, हे पयलेच सांगून टाकतो. आमच्या वलगावच्या दत्ताच्या देवळात मी दर गुरुवारी जातो, पण ते पेढ्यासाठी. सातवीत दोन डाव नापास झालो, तिसऱ्या डावाले मास्तरनंच हात जोडले, तवापासून स्टँडापाशी फवारणीचे पंप दुरुस्त करत बसतो. नोझल, वायसर अन् पट्टा, एवढंच माहं शास्त्र. पण यंदा कापूस फुटाच्या दिवसात माह्यासंग जे झालं ते कोणाले तरी सांगा लागते, नाई त ते मले आतून टोचत राह्यते.

आमच्या कुत्र्याचं नाव वकील. गल्लीत कोणाचंबी भांडण लागलं का हा मधात जाऊन उभा राहे, दोन्ही पार्टीकडून भुके अन् फी म्हणून दोन्ही घरची पोळी खाऊन येये. नऊ वर्षं झाले, दुकानात माह्या पायापाशीच त्याची गादी. गिऱ्हाईक मले इच्चारे, "वकील हाय का?" अन् मंग पंप दाखवे. तर हा वकील दसऱ्याच्या आंगंमांगं खायाचा बंद झाला. पयले वाटलं पोट बिघडलं असन. मंग नाकातून रक्ताचा थेंब पडला तवा त्याले घेऊन अमरावतीच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं वकिलाची पापणी खाली ओढली, आतून पांढरीफक. म्हणे, रक्त आटून राह्यलं याचं, अथी नाई होत, अकोल्याच्या जनावराच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, आठ-दहा दिवस तथीच राहा लागन. खर्च हाय, पण उशीर नको करू.

आता खर्चाचे पैसे माह्यापाशी होते, हीच त शरमेची गोष्ट हाय. नसते त मी गरीब म्हणून सुटलो असतो.

झालं असं, का वर्षभरापयले माह्या साळ्यानं, गुणवंतानं, माह्या मोबाईलमंधी शेअरचं ॲप टाकून देल्लं. गुणवंता अकोल्याले धान्याच्या गोदामात कामाले हाय. मी माही जुनी मोटारसायकल विकली अन् त्या चाळीस हजाराचे पाण्याचे पाइप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. काहून? त मी पंपवाला, ती पाइपवाली, सोयरीक जमते म्हणून. मले दुसरं काईच समजत नोतं. पण येड्याचं नशीब गाडीपुढं पयते, तसा तो शेअर चढत गेला. वकील आजारी पडला तवा चाळीसचे अडुसष्ट झाले होते. घेवाचं कसं ते गुणवंतानं शिकवलं होतं, विकाचं कवा ते त्याले इच्चारलं त म्हणे, "भाऊजी, ते त मलेबी समजत नाई. मी विकला का चढते, ठेवला का पडते."

मंग मी माह्या अकलेनं तोडगा काढला. त्या गुरुवारी दत्तापुढं नारळ फोडलं अन् नवस बोललो, का देवा, शेअर डबल होऊ दे, ऐंशी हजार होऊ दे, त्याच दिवशी विकतो अन् वकिलाले अकोल्याले नेतो, तुलेबी पाच किलो पेढे. मले वाटलं देव आता कामाले लागन. मी नवस शेअरसाठी केला, कुत्र्यासाठी नाई केला, हे माह्या ध्यानातच आलं नाई. अन् दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसेल असते. त्या चार कुत्र्याच्या देखत मी हे बोललो.

घरी सांगतलं त बायको भांडे घासता घासता थांबली. "डबल झाल्यावर त्याले अकोल्याले नेसान?"

"दोन-चार दिवसाचा सवाल हाय. चढून राह्यला ना तो."

"अन् हा उतरून राह्यला, तो दिसत नाई काय?" तिनं वकिलाकडे राख भरलेलं बोट केलं. "मंग त्याची तेरवीबी डबलच करजा."

मी हासलो. मी कायलेबी हासतो, ती माही जुनी खोड हाय. पण खरं सांगतो, ते आठ दिवस मी एका डोळ्यानं मोबाईल पाहे अन् दुसऱ्या डोळ्यानं वकिलाचं भांडं. मोबाईलमंधी हिरवं दिसलं का बरं वाटे अन् भांडं भरेल दिसलं का मी पुन्हा मोबाईल पाहे. सत्तर झाले, बहात्तर झाले. वकील शेपटी हालवाचा बंद झाला. चौऱ्याहत्तर झाले. तो उभा राह्यला का मांगचे पाय थरथर करत. मी त्याले म्हणो, बापू, थोडा दम धर, सहा हजारच राह्यले. तो मान वर करून माह्याकडे पाहे. अशा वक्ती माणसानं काय करावं हे कुत्र्याले समजत होतं, मले नाई.

दुसऱ्या गुरुवारी, दुपारच्या पयले, एका कास्तकाराचा पंप त्याच्या वावरात पोचवून द्याचा होता. मोटारसायकल त मी शेअरच्या पोटात घातली होती, म्हणून सायकल काढली. मांगच्या कॅरेजवर पंपाचा कॅरेट बांधेल असते, त्यात पोतं टाकून वकिलाले बसवलं, अन् पंप माह्या पाठीवर. असं आमचं वऱ्हाड तीन किलोमीटर गेलं. रस्त्यानं एक जण म्हणे, "कोणाले फवाराले चालला गा?" मी म्हतलं, "वकिलाले घेऊन कोर्टात चाललो." तो हासला. वकील हासला नाई.

वावरात पोचलो त त्या दिवशी तथी सीतादही होती. आमच्याकडे कापसाच्या पयल्या वेच्याले तसाच हात लावत नाई. पऱ्हाटीच्या झाडाले हळद-कुंकू लावते, बुडाशी दहीभात ठेवते, पाया पडते, मंग वेचाले सुरवात. सात-आठ बाया होत्या. त्याइच्यात एक बुढी होती, काळी, बारीक, वेचलेला कापूस टाकाले कमरेले ओटी बांधेल. मी तिले कधी पाह्यलं नोतं. तिनं झाडापाशी दहीभात ठेवला अन् दुसरा घास हातात घेऊन इकडेतिकडे पाहाले लागली, कोणाले देवा म्हणून. तिची नजर माह्या कॅरेटवर गेली. मले काई इच्चारलं नाई, नाव नाई, गाव नाई. सरळ आली अन् वकिलाच्या तोंडापुढं हात धरला.

मी म्हतलं, "नाई खात तो मावशी. चार दिवस झाले, पाण्याशिवाय तोंडात काई नाई."

ती म्हणे, "त्याले खाऊ दे, तू कायले बोलतं?"

अन् वकिलानं जीभ काढली. पयले नुसता वास घेतला, मंग एक डाव चाटलं, मंग दुसरा डाव. बुढीचा हात साफ होईस्तोवर चाटत राह्यला. नाकाले दही लागलं. मी पंप पाठीवरून उतरवाचा इसरून गेलो. डोळ्यात पाणी आलं त लपवाले मी माही नेमीची बडबड सुरू केली. पऱ्हाटीकडे पाहून म्हतलं, "मावशी, अर्धं झाड त हिरवंच हाय. समदे बोंडं फुटू द्याचे, मंग एकाच डावात वेचाचं. घडीघडी कंबर काहून मोडता?"

बाया खी खी करून हासल्या. एक म्हणे, "हा कोठचा कास्तकार आला वो?" पण बुढी हासली नाई. हात लुगड्याले पुसत म्हणे, "समदं झाड एका दिवशी फुटते काय रे बाबू? थांबून राह्यलं त पाणी येते अन् फुटेल होतं तेबी काळं पडते. जेवढं फुटलं तेवढं आपलं. जे बंद हाय ते अजून देवापाशी हाय." एवढं बोलली अन् वाकून वेचाले लागली. दोन बोटानं बोंडातून कापूस काढे, बाजूच्या हिरव्या बोंडाले धक्काबी लागू देत नोती.

मी वावराच्या धुऱ्यावर बसलो. हे मी लहानपणापासून पाह्यलं होतं, माह्या मायनं जलमभर कापूस वेचला. अन् मी दत्ताले सांगून राह्यलो होतो का समदं झाड एकाच दिवशी फोडून दे. मोबाईल काढला, नेटवर्कची एकच काडी. शेअर शहात्तरवर होता. अर्धे शेअर विकाले टाकले. बोटाले ऑईल, मोबाईल बोट ओळखे ना, तीन डाव लुंगीले पुसलं. चवथ्या डावाले झालं. कास्तकार बाजूलेच उभा होता. त्याले मी अकोल्याचं सांगतलं त म्हणे, "उद्या सकाळी माही पिकअप सोयाबीन घेऊन अकोल्यालेच चालली. पोत्यावर बस त्याले घेऊन. भाडं नाई लागत, फक्त बोलू नको रस्त्यानं." मी बोललो थोडासा.

बायकोबी संग आली. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरीनबाईनं रक्त तपासलं, म्हणे गोचिडाचा ताप हाय, लय पुढं गेला. मंग माह्याकडे पाहून इच्चारलं, "इतके दिवस काहून आणलं नाई?" मी लुंगीले बोटं पुसाले लागलो. बायको बाजूले उभी होती. तिच्यापाशी जबाब होता, पण तिनं सांगतला नाई, नुसता वकिलाच्या डोक्यावर हात ठेवला. ती तवा गप राह्यली, हा उपकार मी इसरत नाई. बाईनं इच्चारलं, "काही खाल्लं का यानं?" मी म्हतलं, "काल दहीभात चाटला." ती म्हणे, "मग करू प्रयत्न."

विकलेल्या शेअरचे पैसे खात्यात याले दिवस लागते हे मले मालूमच नोतं. तवरोक गुणवंतानं भरले. नऊ दिवस आमी त्याच्याच घरी राह्यलो, वकील त्याच्या गादीवर अन् मी सतरंजीवर. सलाईन, सुया, गोळ्या. पाचव्या दिवशी बाजूच्या घरी नवरा-बायको भांडले अन् वकील उठून दारापर्यंत गेला. भुकला नाई, पण गेला.

आता शेअरचंबी सांगतो, नाई त तुमाले वाटन देवानं मले बरोबर वेळ सांगतली. तसं काई नाई. मी विकला त्याच्यानंतर तो अजून चढला, समदे ठेवले असते त ऐंशी हजार पार झाले असते. उरलेल्यातले अर्धे मी तवा विकले, दुसरा वेचा म्हणून. नवसाचे पेढेबी नेऊन देल्ले, पाच किलो नाई, पावभर. मंग जे थोडे राह्यले त्याचा मले पुन्हा लोभ सुटला. कापूस संपल्यावर काई कास्तकार पऱ्हाटी उपटत नाई, फरदड म्हणून अजून दोन बोंडाच्या आशेनं उभीच ठेवते अन् तिच्यात अळी पडते. माह्या फरदडीले तशीच अळी पडली. आज ते शेअर पाहाचं मन होत नाई. शाना झालो म्हणता म्हणता माणूस कसा येडाच राह्यते, हे माह्या ॲपमंधी लाल अक्षरात लिहून हाय.

त्या बुढीले भेटाले मी वकिलाले घेऊन गेलो होतो. तिसऱ्या वेच्याले आली होती ती. तिले काईच आठवे ना. "कोणता कुत्रा? मी त दरसाल कोणाले ना कोणाले घास देतो." पेढा देल्ला त अर्धा तोडून वकिलाले देल्ला अन् लागली कामाले. मी पाया पडलो त म्हणे, "बाजूले हो बाबू, तुह्या पायाखाली बोंड येऊन राह्यलं."

त्या दिवशी तिच्या हातून कोणी घास देल्ला, हे इच्चाराची माही लायकी नाई. मी नवस चुकीचा बोललो होतो अन् तरी मले बरोबर जागी पाठवलं, एवढंच मले दिसते. आता गुरुवारी देवळात जातो तवा पयले पायाशी बसेल चार कुत्र्याकडे पाह्यतो, मंग दत्ताच्या तोंडाकडे. मांगत काई नाई. वकील पायरीपाशी बसून राह्यते. म्हातारा झाला तो, मांगचा एक पाय आता कायमचा लंगडते, अन् एक दिवस त्याले जाणं हाय, हे मले मालूम हाय. पण ते बोंड अजून बंद हाय, ते देवापाशी हाय. आज सकाळी त्यानं दहीभात खाल्ला अन् नाकाले लागलेलं दही माह्या लुंगीले पुसलं. आजचं एवढं फुटलं होतं, तेवढं मी वेचून घेतलं.