मच्छिंद्ररावांचा हीटर

वाघोलीला नगर रोडवर माझं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. राहतो कोथरूडला. दुकानात मी एक पाटी लावली आहे: 'सल्ला फुकट मिळतो. ऐकायचा नसल्यास मागू नये.' ही पाटी लावली मच्छिंद्ररावांसाठी, आणि ती आजवर न वाचलेले गृहस्थही तेच. वाचायचं कशाला? त्यांना सगळं आधीच माहीत असतं.

मच्छिंद्रराव इथल्याच शेतकरी घरातले. शहर गावापर्यंत आलं तेव्हा भावांनी जमिनीवर इमारती उठवल्या आणि त्यांना आपापल्या नातवंडांची नावं दिली. ह्यांनी आपल्या वाट्यात ट्रक घेतला. भाऊ आता गच्चीवर बसून भाडं खातात, आणि हे साठीला टेकले तरी भर हिवाळ्यात श्रीनगरला औषधांचे खोके पोचवतात. "बसून खाणं आपल्याला जमत न्हाई," म्हणतात. भारतातल्या तमाम मेकॅनिकांची अक्कल एकत्र केली तर ती आपल्यापेक्षा किंचित कमी भरेल, असं त्यांचं नम्र मत आहे. त्यामुळे गाडीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

जुना ट्रक काढून त्यांनी हा नवा घेतला तेव्हा गावभर पेढे वाटले होते. केबिनमध्ये हीटर! पुण्यात हीटर म्हणजे वाळवंटात छत्री, पण श्रीनगरच्या वाटेवर त्याची किंमत कळते. दुर्दैवानं पहिल्याच हिवाळ्यात त्या हीटरनं फरिदाबादच्या पुढे थंडगार वारा सोडायला सुरुवात केली. ह्यांनी निकाल दिला, "कंपनीनं फसवलं." विषय संपला. पुढे दर हिवाळ्यात त्यांची बायको सोजरबाई एक नवी गोधडी शिवायच्या आणि हे ती पांघरून बर्फातून गाडी हाकायचे. परत आले की दुकानात पाय पसरून सांगायचे, "उणे सहा होतं, श्यामराव! पण आपल्याला थंडी वाजतच न्हाई." बोलताना नाक वाहत असायचं.

ह्या वर्षी मात्र घोळ झाला. लांबची ही शेवटची फेरी, पुढे आळंदीच्या पलीकडे गाडी न्यायची नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आणि जन्मात काही न मागितलेल्या सोजरबाईंनी मागणी केली, "मग मला बर्फ दावा. तीस वर्षं नुसतं ऐकतीय." त्यांना दमा. विश्रांतवाडीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "गार हवा छातीला लागता कामा नये. गाडीत हीटर चालतो ना? मग खुशाल जा." मच्छिंद्रराव छाती काढून म्हणाले, "हाय की!" सोजरबाईंनी नवऱ्याकडे जे बघितलं, ते बघून डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला म्हणे.

झालं. सोमवारी सकाळी निघायचं, आणि शनिवारपर्यंत ह्या गृहस्थांचे अकलेचे सगळे तारे तोडून झाले होते. पंख्याची मोटर बदलली. गार वारा जास्त जोरात यायला लागला. मग हीटर गरम व्हावा म्हणून एसीचा गॅस भरून आणला. अहो, गरम होण्यासाठी एसीचा गॅस! तापाला बर्फाचा गोळा खायला घालावा तसं. रविवारी दुपारी ते माझ्या दुकानासमोर गाडी लावून उभे राहिले. तोंड उतरलं होतं, पण मान ताठ.

"हीटर पायजे नवा," म्हणाले.

"हीटर काय वांगं आहे का, टोपलीतून निवडून द्यायला? आधी बघू तर द्या."

"बघायचं काय त्यात? मी बघितलंय."

"म्हणूनच मी बघतो."

गाडी चालू ठेवून मी इंजिनाकडून हीटरला जाणारे दोन्ही पाइप हातात धरले. एक कडक आणि एक गार लागला असता तर हीटरची जाळी तुंबली म्हणता आलं असतं. दोन्ही कोमट. पाणी पुरेसं होतं, पंखा चालत होता. केबिनमध्ये चढून तापमानाचा काटा बघितला. अर्धा तास इंजिन चालू, तरी काटा तळाशी झोपलेला. हीटरला स्वतःची शेगडी नसते हो, तो इंजिनाच्या गरम पाण्यावर जगतो. इथे इंजिनच गारठलेलं.

मी इंजिन बंद केलं, निवू दिलं आणि थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. आत काहीही नव्हतं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी पितळेची लहानशी झडप. तीच गायब.

"मच्छिंद्रराव, इथला माणूस कुठे गेला?"

"त्यो? त्यो मी पयल्याच उन्हाळ्यात काढला. घाटात इंजिन तापतंय म्हणून. नगर रोडला समदेच काढत्यात."

"आणि हिवाळ्यात परत कोणी बसवतं?"

ते टायरकडे बघायला लागले. मला असा संताप आला की पाना तिथेच टाकला. "अहो, चुलीवरून भांडं उतरवलं आणि वर भात का शिजत नाही म्हणून कंपनीला शिव्या देताय! इतकी वर्षं!"

"मग द्या की नवा," ते पुटपुटले.

नवा माझ्याकडे नव्हता. सगळा नगर रोड काढणाऱ्यांचा, बसवणारा कोणी नाही, तर मी ठेवू कशाला? रविवारी नाना पेठेतला सुट्या भागांचा बाजार बंद. उद्या दुकानं उघडेपर्यंत औषधांचा माल थांबणार नव्हता. मच्छिंद्ररावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "मग तिला सांगायला लागंल. तिनं पिशवी भरलीय हो."

सांगायला मी बरोबर गेलो. भांडण बघायला म्हणून गेलो, उगाच साधुपणा कशाला. दारात खरोखरच पिशवी भरून ठेवली होती आणि सोजरबाई तिच्यावर हात ठेवून बसल्या होत्या. झडप कशी असते ते मी हातवारे करून सांगितलं: पितळी, मुठीएवढी, वर चकती, खाली दांडी.

सोजरबाई उठल्या, देवघरात गेल्या आणि खंडोबाच्या टाकाशेजारून हळदकुंकवानं माखलेली एक वस्तू घेऊन आल्या. "भावजी, हे का?"

तेच होतं. मच्छिंद्ररावांनी काढून खिशातून घरी आणलं आणि खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मांडलं. गाडीचं काहीतरी मोलाचं असणार, गाडीवरच आपलं पोट, म्हणून वहिनींनी ते उचलून देवांत बसवलं. नवरोबांच्या ध्यानातही राहिलं नाही. कंपनीला शिव्या घालण्यातून वेळ कुठे मिळणार?

हळदकुंकू खरवडून काढलं, चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं आणि झडप दोऱ्यानं आत सोडली. आम्ही तिघं पातेल्यावर वाकलो. चकती हळूच उघडली. बाहेर काढल्यावर निवली आणि मिटली. एकदम ठणठणीत! तिघंही दुकानासमोरच्या गाडीपाशी आलो; झाकणाला नवा रबर लावला, झडप बसवली, पाणी भरून आतली हवा काढली. काटा उठला. थोड्या वेळानं केबिनमधल्या जाळीतून उन्हासारखी ऊब यायला लागली.

सोजरबाई केबिनमध्ये चढल्या आणि दोन्ही तळवे जाळीपुढे धरून बसल्या. मी खाली उभा राहून एखादं झणझणीत वाक्य जुळवत होतो. पण त्याच आधी बोलल्या, नवऱ्याकडे न बघता.

"रोज सकाळी ह्यालाच फूल वाहून म्हणायची मी. गाडी कुठंबी असंल, आमच्या माणसाला गारठा लागू देऊ नको."

मच्छिंद्रराव स्टिअरिंग धरून समोरच्या काचेकडे बघत राहिले.

"लागायचा गं," शेवटी ते म्हणाले. "लई लागायचा."

सोजरबाईंनी मागच्या फळीवरून गोधडी ओढली आणि एवढ्या उबेतसुद्धा नवऱ्याच्या गुडघ्यांवर नीट पसरली.