जोंधळे वाढले

आमच्याकडे घरातलं धान्य संपलं असं बाईमाणूस म्हणत नाही. 'वाढलं' म्हणते. मीठ वाढलं, कुंकू वाढलं, हातातली बांगडी पिचली तर बांगडी वाढवली. माझी आई रिकामी बुधली घेऊन शेजारी जायची आणि म्हणायची, "तेल वाढलंय गं, पळीभर दे." हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं या एका शब्दापाशी अडलेलं आहे, आणि तो मी आईच्या कडेवर शिकलो होतो.

स्वातंत्र्य मिळालं त्या हिवाळ्यात मी माण तालुक्याच्या कचेरीत हंगामी कारकून होतो. पुरवठ्याचं टेबल. लढाईपासून धान्यावर कंट्रोल होता. शेतकऱ्याकडून लेव्ही घ्यायची आणि तेच धान्य गरिबाला कार्डावर स्वस्तात द्यायचं. आता कंट्रोल उठणार अशी हवा होती. न्हाव्याच्या दुकानात, सर्व्हिस मोटारीत, देवळाच्या पायरीवर, जिथं बघावं तिथं हाच वाद. लेव्हीनं लोक पिडले होते हे खरं. आम्ही कारकुनांनीच पिडले होते. पण लेव्हीबरोबर स्वस्त धान्याची दुकानंही जाणार होती, आणि ज्यांची चूल त्या दुकानांवर पेटायची त्यांना या वादात कुणी बोलावलंच नव्हतं. दोन्ही बाजूंनी बोलणारे जेवून आलेले असत. ढेकर देत भुकेवर बोलायचे. ते ऐकून माझं डोकं फिरायचं, तरी मी तोंड मिटून बसायचो. ही माझी जुनी खोड.

म्हसवडच्या पलीकडे एका वाडीवर असं दुकान होतं. त्या साली तिकडं पाऊस नीट झाला नव्हता. तालुक्याच्या समितीत एक वकील होते, नदीकाठी उसाचं रान असलेले. त्यांचं म्हणणं, दुकान बंद करा, लोकांना आयतं खायची सवय लागलीय. त्याच वाडीचे शाळामास्तरही समितीवर होते. ते म्हणत, निदान सुगीपर्यंत तरी चालू ठेवा. दोघांचं काही जमेना, तेव्हा मामलेदारांनी मला घरोघर जाऊन धान्य किती आहे ते लिहून आणायला पाठवलं. त्या कागदावर दुकानाचं ठरणार होतं.

पहिलंच घर एका सणगराचं. नवरा घोंगड्या विकायला पाटणच्या खोऱ्यात गेलेला. बाई मागावर बसलेली, कोपऱ्यात म्हातारी सासू लोकर कातत होती.

"घरात जोंधळे किती आहेत, बाई?"

तिनं हात थांबवला नाही. "वाढल्यात, दादा."

"कधी?"

"झालं की आठ दिस."

"आवं, नीट लिवा," म्हातारी म्हणाली. "सरकारला ऐकाया कमी येतंय म्हणत्यात."

मी हसलो. वाकून कणगीत पाहिलं. तळाला मूठभर जोंधळे होते. कणगी पार मोकळी ठेवू नये म्हणून ठेवतात ती मूठ. ती कुणी दळत नाही.

मी कागदावर 'वाढले' असं लिहिलं. इथवर काही पाप नव्हतं. ऐकलं तसं लिहिलं, आणि वाडीभर तसंच लिहीत गेलो, कारण वाडीभर उत्तर तेच.

मामलेदार सुरतेकडचे. माणूस वाईट नव्हता, पण मराठी पुस्तकातून शिकलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वाढले? सगळ्यांकडेच? मग शिल्लक आहे असं सरळ लिहा ना."

त्यांच्या गुजरातीत 'वध्युं' म्हणजे वाढलं, आणि उरलं असाही त्याचा अर्थ. त्यांनी प्रामाणिकपणे तोच अर्थ घेतला. मला एकच वाक्य बोलायचं होतं : साहेब, वाढलं म्हणजे संपलं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "काम चोख केलंत. तुम्हाला कायम करा असं मी साताऱ्याला लिहिणार आहे."

मी तोंड मिटलं. नवा कागद घेतला आणि वळणदार अक्षरात, घरामागून घर, 'शिल्लक आहे' असं लिहून काढलं.

समिती शाळेच्या वर्गात बसली. वकिलांनी कागद हातात धरला. "घ्या, मास्तर. तुमची उपाशी वाडी. घराघरात शिल्लक."

"वकीलसाहेब, त्या वाडीत मी ऱ्हातो," मास्तर म्हणाले. "तिथल्या उंदरांनीसुद्धा म्हसवडला बिऱ्हाड केलंय."

सगळे हसले. वकीलही हसले. म्हणाले, "मग सरकारी कागद खोटा म्हणायचा का?"

"कागदाचं मला ठावं न्हाई. ज्यानं लिवला त्याला इचारतो." मास्तर माझ्याकडे वळले. "गड्या, तू कणगीत डोळ्यानं बघितलंस?"

"बघितलं."

"मग? व्हतं का काय?"

मामलेदार माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "जोंधळे होते."

मूठभर हा शब्द मी गिळला. मास्तर खाली बसले. महिनाअखेर दुकान बंद झालं. मी कायम झालो. पुढं वर्षभरात कंट्रोल परत आला, पुन्हा वाद झडले, आणि काल 'उठवा' म्हणणारे आज 'आणा' म्हणू लागले. आपण काल काय म्हणालो होतो हे कुणालाच आठवत नव्हतं. मला आठवत होतं. त्या वाडीचं दुकान मात्र लवकर उघडलं नाही. दफ्तरी तिथं शिल्लक होती, आणि ती शिल्लक माझ्या अक्षरात होती. खोडायला मी एकदाही गेलो नाही.

दक्षिण सातारा जिल्हा नवा झाला तेव्हा माझी बदली सांगलीला झाली. पुढं काही वर्षांनी एकदा दुपारी कामासाठी हळदीच्या पेठेत गेलो होतो. बायका हळकुंडं निवडत बसलेल्या. त्यांतली एक माझ्याकडे बघत म्हणाली, "सायेब, म्हसवडकडं लिवाया आला हुता न्हवं तुमी?"

सणगराची ती बाई. हात कोपरापर्यंत पिवळे.

"माग सोडलात?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"माग हाय तितंच. पोटाला आलो हिकडं."

"आणि सासूबाई?"

"त्या गेल्या. दुकान मिटलं त्या उन्हाळ्यात." ती हळकुंडं चाळत राहिली. "भाकरी केली की म्हणायच्या, तुमी खावा, माजं प्वाट भरलंय. कवा भरलं त्ये मला दिसलं न्हाई."

मी निघायला वळलो.

"एक इचारू का, सायेब? आमी वाढल्यात म्हनलो, आन कागदावर शिल्लक कशी झाली? मास्तर म्हनत्यात, कारकुनाला आमची बोली कळली नसंल. तसंच का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. बरीच वर्षं मनात ठेवलेलं कोडं विचारावं तसं तिनं विचारलं, आणि वर मला पळायला वाटही दिली. मी ती घेतली.

"नाही कळली," मी म्हणालो. "मी शहरातला."

"आसं व्हय," ती म्हणाली. "तुमच्या आयनं शिकवाया पायजे हुतं."

मी शहरातला नाही. विट्याच्या अलीकडं माझं गाव. आई तेव्हा सांगलीत माझ्याजवळच राहत होती. संध्याकाळी घरी आलो, चप्पल काढतोय तोच ती आतून म्हणाली, "जुंधळं वाढल्यात रं."

मी पिशवी घेतली आणि जोंधळे आणायला बाहेर पडलो.