हाक न मारणारा ओटो

ओटो गेल्याचं त्याच्या मुलीनं, बिर्गिटनं, फोनवर कळवलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, "आणि गास्टहाउसचं काय?" दीड महिना झाला, अजून लाज वाटते.

जर्मनीत, कार्ल्सरूहेजवळच्या खेड्यात ओटोचं ते गास्टहाउस. खाली बिअर आणि जेवण, वर चार खोल्या. भिंतीत लोखंडी कडी का, म्हणून मी सहज विचारलं, तर म्हणाला, टपालगाडीचे घोडे इथे बांधत. कोपऱ्यातल्या गोल टेबलावर शेतांच्या बांधांची भांडणं मिटत. एका भेटीत तो एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचा, बाकी पुढच्या खेपेला. पक्का दुकानदार! मीही कार्ल्सरूहेत मसाल्याचं दुकान चालवतो, त्यामुळे ही जात ओळखतो.

थकल्यावर त्यानंच मला विचारलं, घेतोस का? भाव जमला. अट एकच, गोल टेबल हलवायचं नाही, गुरुवारी तिथे गावातलेच म्हातारे बसणार. मला त्या कोपऱ्यात तंदूर हवा होता. आवाज चढले... म्हणजे माझाच. मार्केट यार्डात बटाट्याच्या गोणी वाहून सौदा शिकलेला माणूस मी. खुर्ची मागे सारली, "मग राहू दे" म्हटलं आणि निघालो. सावकाश. गाडीपाशी किल्ली शोधत राहिलो. आत बसलेली बायको म्हणाली, "अहो, त्याची हाक येणार नाहीये. बसा आता."

नाहीच आली. दोन वर्षं मी तिथे पाऊल ठेवलं नाही.

दफनानंतर त्याच खोलीत कॉफी होती. बिर्गिट म्हणाली, तुमच्या नावाचे कागद बाबांनी गेल्या हिवाळ्यापर्यंत तयार ठेवले होते, मग एका बिल्डरला होकार दिला. आता फ्लॅट होणार. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, मग मला बोलावलं का नाही?

ती गोंधळली. "तुम्ही नको म्हणालात ना? मागे लागणं बाबांना तुमचा अपमान वाटला असता."

माझा राग अजून गेलेला नाही. एक हाक मारायला काय झालं होतं? पण सौद्यातला माझा शब्द असा सरळ खरा धरणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

परवा बासमतीच्या भावावरून एक नागपूरकर गिऱ्हाईक दाराकडे वळलं. पूर्वी मी उंबऱ्यापर्यंत जाऊ दिलं असतं. या वेळी तिसऱ्याच पावलाला म्हणालो, "अहो, थांबा, तुमच्या भावानं घ्या."

तो वळून म्हणाला, "घेतोच आहे हो. पिशवी गाडीत राहिलीय."